'व्हल्नरेबिलिटी'ला काय म्हणावे: भेद्यता, भगदाड की फट?

फोंड्यातल्या एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या उणिवांची वही यंदापासून मराठीत ठेवायची ठरले आणि पहिल्याच रकान्यावर घोडे अडले. मी 'भगदाड' लिहिले. वही पाहून अध्यक्ष घाबरले, चोरी कधी झाली म्हणून विचारू लागले! 'भेद्यता' चालेल का?

— अध्यक्षांचे काय चुकले? भगदाड 'पडते', म्हणजे घटना घडून गेलेली असते. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध आठवा. कुर्ल्या (खेकडे) त्यात बिळे करतात. बीळ आहे म्हणून पाणी आत शिरलेच असे नाही, पण भरतीला ते वाट काढील. तुम्हाला नोंदवायचे आहे ते बीळ. बांध फुटला की मग भगदाड म्हणा. 'भेद्यता' हिंदीत रुळला आहे, पण मराठी कानाला तो गुण वाटतो, वस्तू नव्हे. 'सात भेद्यता सापडल्या' हे सात गोडवे सापडल्यासारखे लागते. फटी मात्र मोजता येतात. मी 'फट' म्हणेन.

— 'फट' फार घरगुती नाही का वाटत? दाराची फट, खिडकीची फट.

— मग बरेच की. चोर तिथूनच पाहतो.

— बाब, शब्द हवा तो घ्या, पण सीव्हीई क्रमांक, म्हणजे अशा फटींच्या सामायिक यादीतला क्रमांक, जशाचा तसा उतरवा. मायटर या अमेरिकी संस्थेने १९९९ साली ती यादी सुरू केली, कारण एकाच फटीला प्रत्येक कंपनी आपापले नाव देई आणि दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत की नाही तेच कळेना. आणि क्रमांकातले साल हे फट जन्मल्याचे साल नव्हे. हार्टब्लीड या गाजलेल्या फटीचा क्रमांक सीव्हीई-२०१४-०१६०, पण ती चूक ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१२ साली आलेल्या १.०.१ आवृत्तीतच होती. रकान्याला 'फटीचे जन्मवर्ष' असे नाव देऊ नका.

— मूळ विचारणारा: आभार. आता 'स्थिती'चा रकाना. 'फिक्स्ड'ला 'दुरुस्त' लिहितोय. ओपनएसएसएलची १.०.१जी ही आवृत्ती दिसली तर दुरुस्त, त्याआधीची दिसली तर बाधित. बरोबर ना?

— इथेच वह्या चुकतात. मूळ प्रकल्पाने हार्टब्लीड १.०.१जी मध्ये बुजवली हे खरे. पण डेबियन या लिनक्स प्रणालीने आपल्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत ओपनएसएसएलचा १.०.१ई हाच आकडा ठेवून त्यावर ठिगळ लावले आणि शेवटी '२+डेब७यू५' अशी शेपटी जोडली. नुसते '१.०.१ई' वाचणारा 'बाधित' लिहून मोकळा होतो, आणि पुढचा तपासनीस दोन दिवस नसलेली फट शोधत बसतो. पॅकेजची पूर्ण आवृत्ती शेपटीसकट लिहा. शब्द म्हणाल तर 'बुजवली' हा 'दुरुस्त'पेक्षा नेमका, कारण फट बुजवतात. आणि तपासून 'बाधित नाही' निघाले तर तेही लिहा. रिकामा रकाना म्हणजे 'पाहिलेच नाही'.

— मूळ विचारणारा: 'रिजेक्टेड'ला 'खोडली' म्हणू?

— नको, 'रद्द'. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर जुने नाव कंसात राहिलेले पाहिले असेल ना? इथेही तसेच. एकाच फटीला चुकून दोन क्रमांक गेले तर एक रद्द होतो, पण तो यादीत राहतो आणि पुन्हा कुणाला दिला जात नाही. खोडले म्हटले की लोक ओळच उडवतात. मग जुन्या पत्रात तो क्रमांक आला तर शोधायचा कुठे?

— आणि 'डिस्प्युटेड'? बनवणारा म्हणतो ही फटच नव्हे, शोधणारा म्हणतो आहे.

— 'वादग्रस्त' नको, ते पुढाऱ्यांना लागते. 'वादातली' बघा.

— मूळ विचारणारा: 'फट', 'बुजवली', 'बाधित नाही', 'रद्द' हे चार घेतले. 'वादातली' अध्यक्षांना पटत नाही. त्यांच्या मते संस्थेच्या वहीत वाद हा शब्दच नको, 'मतभेद' लिहा.