मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलाचं अ‍ॅडिनॉइडचं ऑपरेशन

आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा, रात्रभर तोंड उघडं ठेवून घोरतो आणि मधेच श्वास अडकल्यासारखा दचकून उठतो. एक्सरेमध्ये अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वर असतात त्या गाठी) बरेच वाढलेले दिसले म्हणून येत्या गुरुवारी ठाण्यात ऑपरेशन ठरलंय. ऑपरेशनचं नाही इतकं, पूर्ण भूल देणार त्याचं टेन्शन आलंय. मागच्या महिन्यात रक्त तपासायला नेलं तर शीर सापडेना, दोघींनी हात दाबून धरला, तीनदा टोचलं आणि मला मात्र बाहेर उभं केलं. तेव्हापासून डॉक्टर सोडा, मेडिकलवाल्याकडे पण हा आत येत नाही, बाहेर पायरीवर बसून राहतो.

तर भूल लागेपर्यंत आईला आत थांबू देतात का? तुमच्यापैकी कुणाला दिलं होतं? सहा तास आधीपासून दूध-खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल असं सांगितलंय, पण आमचं ध्यान डोळे उघडायच्या आधी दूध मागतं, त्याला सकाळी काय सांगून थोपवू? भुलीतून उठताना मुलं खूप रडतात, आईलापण ओळखत नाहीत म्हणे, ते साधारण किती वेळ चालतं?

आणि त्याला आधी खरं सांगायचं का? सासूबाई म्हणतात, तलावपाळीला फिरायला जातोय म्हणून सांग. रक्ताच्या वेळी असंच काहीतरी सांगून नेलं होतं हो, म्हणून तर ही वेळ आलीये. ज्यांची मुलं यातून गेलीयेत त्यांनी प्लीज सांगा.