जुन्या कापसाच्या गोदामात ऑफिस करायचं आहे, आतली मांडणी कशी ठेवू?

पांदणवाट: नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, आमची शेतकरी उत्पादक कंपनी, तूरडाळ, ज्वारीचा रवा, जवसाची चटणी बनवतो. ९ जण आहोत, त्यातल्या ४ ताया बचत गटातून आलेल्या. आतापर्यंत भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत होतो, नवीन पाकीट कसं असावं हे ठरवायचं म्हटलं की दोघंच बोलत, बाकीचे मान हलवत. आता ४० बाय २५ चं जुनं गोदाम मिळालं, वर टिनं, दोन दारं. बजेट दीड लाख. एक म्हणते केबिन पाडू, दुसरा म्हणते शहरासारखं सगळं मोकळं ठेवू आन मोठा टेबल आणू. काय करू?

वर्धेकर: भाऊ, फर्निचर मागून, आधी टिनाचं पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, दुपारी टिनाखाली माणूस नुसता घाम पुसते, त्याला नवीन काय सुचणार? बाहेरून चुन्याचा हात मारा, आतून हातभर खाली बांबूचे तट्टे बांधा, मधली गरम हवा दोन्ही टोकांनी निघाली पाहिजे. कूलर लावाल तर समोरची खिडकी उघडी ठेवाच, नाहीतर दमट होते. आणि बैठकीजवळ कूलर नको, त्या घरघरीत हळू बोलणाऱ्याचं ऐकू येत नाही, मग तो बोलणंच सोडते.

सपरीतली: मी पुण्यात ५ वर्षं मोकळ्या ऑफिसात काढली, एका हॉलात ६० लोक आणि सगळ्यांच्या कानात हेडफोन, शेजारच्यालाही मेसेज. हार्वर्डच्या दोघांचा २०१८ चा अभ्यास आहे, दोन मोठ्या कंपन्यांत पार्टिशनं काढल्यावर समोरासमोरचं बोलणं ७० टक्क्यांच्या आसपास घटलं. म्हणून एक दाराची छोटी खोली कराच, हिशेब, बँकेचे फोन, लेबलचं डिझाइन तिथे. टेबल मात्र नको दादा. आमच्या गटात पाहिलंय, खुर्च्या मांडल्या की निंदणाला दिवसभर बोलणाऱ्या बाया कडेला उभ्या राहतात, सतरंजी टाकली की गोल होतो. एकदा एका काकूंनी सांडलेल्या बेसनात बोटानं पाकिटाचा आकार काढून दाखवला, तेच पाकीट घेतलं आम्ही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीला लागून ओटा बांधा.

कवेलू: आर्किटेक्चर शिकतोय. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात ‘बिल्डिंग २०’ नावाची इमारत होती, १९४३ ला रडारच्या कामासाठी घाईत उभी केलेली लाकडी, तात्पुरती म्हणून बांधली ती १९९८ पर्यंत टिकली, आणि तिथले लोक हवी तशी भिंत फोडायचे, वायरी ओढायचे, कारण कोणी अडवतच नव्हतं. तुम्हीपण सहा महिने काही पक्कं ठोकू नका, पार्टिशनही तट्ट्याचंच ठेवा, सरकवता येते. एक भिंत झेडपी शाळेसारखी काळी रंगवा, खडू हाताशी.

पांदणवाट: कूलरच्या आवाजाचं खरंच ध्यानात नव्हतं, खूप आभार. तायांना विचारलं, त्या म्हणाल्या आधी माठ आणि लेकरं निजवायला जागा. पूर्वेच्या दारासमोर दुपारनंतर गोदामाचीच सावली पडते, बैठक तिथेच टाकतो. तट्टे फुटावर मिळतात की नगावर? भाव माहीत असेल त्यांनी टाका, रविवारी आणायला जातोय.