मदत हवी आहे: नायजर डेल्टात तेलाच्या कामावर गेलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला नायजेरियात, पोर्ट हारकोर्टजवळ, एका ठेकेदारामार्फत परदेशी तेल कंपनीच्या कामावर वेल्डर म्हणून बोलावणं आलंय. करारात पगार, सुट्ट्या सगळं सविस्तर आहे. सुरक्षेबद्दल मात्र एकच ओळ, 'स्थानिक नियमांप्रमाणे'. त्या ओळीनं माझी झोप उडाली आहे.

२००६ पासून 'मेंड' या सशस्त्र संघटनेच्या बंडखोरांनी तिथे, म्हणजे नायजर डेल्टाच्या तेलपट्ट्यात, परदेशी कामगार पळवले, पाइपलाइनी उडवल्या. जून २००८ मध्ये तर किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर आत, भर समुद्रात, शेलच्या बोंगा तेलक्षेत्रावर स्पीडबोटींनी हल्ला झाला. २००९ मध्ये शस्त्रं खाली ठेवणाऱ्या बंडखोरांना सरकारनं माफी दिली, त्यानंतर जरा निवळलं, पण २०१६ मध्ये नव्या सशस्त्र गटानं, 'नायजर डेल्टा अ‍ॅव्हेंजर्स'नी फोर्काडोस तेल-निर्यात टर्मिनलची समुद्राखालची पाइपलाइन फोडलीच. तेलगळतीनं मासेमारी बुडालेल्या तिथल्या लोकांचा राग मला कळतो. पण ओलीस धरला जातो तो साधा कामगार.

तिकडे काम केलेल्यांनी कृपया सांगा: खाडीतून बोटीनं नेताना सशस्त्र पहारा असतो का? अपहरण झालं तर सोडवण्याची जबाबदारी कुणाची, कंपनीची की ठेकेदाराची? करारात नेमकं काय लिहून घ्यावं? शुक्रवारी सही करायची आहे आणि आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.