३२-बिट नेटबुकसाठी मराठी टंकलेखनाची सोय असलेले हलके लिनक्स कोणते निवडावे?

नमस्कार मंडळी,

वडिलांचे २००९ साली घेतलेले नेटबुक पुन्हा वापरात आणायचे आहे, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. त्यात इंटेल अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी डीडीआर२ रॅम आणि १६० जीबीची हार्डडिस्क आहे. मूळची विंडोज एक्सपी अजून चालते. मात्र मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच थांबवल्यामुळे ती इंटरनेटला जोडण्याची माझी तयारी नाही. वडिलांना मराठीत लिहायचे असते, सोसायटीचा हिशेब ठेवायचा असतो आणि पीडीएफ वाचायच्या असतात. व्हिडिओ ते मोबाइलवरच पाहतात.

खरी अडचण अशी की हा प्रोसेसर केवळ ३२-बिट आहे, त्यामुळे ‘उबुंटू (लोकप्रिय लिनक्स) टाका’ हा सर्रास मिळणारा सल्ला येथे लागू पडत नाही. उबुंटूचे हलके रूप असलेल्या लुबुंटूची ३२-बिट संगणकांसाठीची शेवटची दीर्घ मुदतीची आवृत्ती १८.०४ होती, तिची मुदत २०२१ मध्ये संपली. आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट इन्स्टॉलर देणे बंद केले. म्हणून माझ्यासमोर अँटीएक्स २३ आणि बुकवर्मपप३२ (पपी लिनक्सची ३२-बिट आवृत्ती) हे दोनच पर्याय उरले असून दोन्ही डेबियन १२ वर आधारलेले आहेत.

अँटीएक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिले. वायफाय लगेच सापडले, आइसडब्ल्यूएम या हलक्या विंडो मॅनेजरचा डेस्कटॉपही झटपट उघडला. मात्र १०२४ बाय ६०० च्या पडद्यावर काही खिडक्यांची खालची बटणे दिसतच नाहीत आणि ऑल्ट दाबून खिडकी वर ओढावी लागते, हे वडिलांना जमणे कठीण आहे. पपी संपूर्ण रॅममध्ये उतरत असल्याने चपळ असते, हे मान्य. परंतु १ जीबीतून तिचा वाटा वजा जाता लिब्रेऑफिसला पुरेशी जागा उरेल का, ही शंका आहे. शिवाय ती मुळातच रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालते, हे मला फारसे रुचत नाही.

मराठीचा प्रश्न याहून किचकट आहे. नवे लेखन युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने होईल, कारण वडिलांचा हात त्यावर बसलेला आहे. जुन्या वर्ड फायली मात्र डीव्हीबी-टीटी सुरेख या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत आणि तो फाँट नसला की अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. फाँट होम फोल्डरमधील .fonts मध्ये टाकल्यास लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरे व रफार जागेवर राहतात का, हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? की अशा फायलींसाठी एक्सपीचे विभाजन इंटरनेटविना तसेच ठेवून ड्युअल बूट (एकाच यंत्रावर दोन प्रणाली) करणे शहाणपणाचे ठरेल?

या यंत्राला जास्तीत जास्त २ जीबी रॅम चालते. बाजारात जुनी डीडीआर२ पट्टी शोधावी की आधी हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवावी, यावरही अनुभवी मंडळींनी मत द्यावे. दोन्हींवर खर्च करण्याइतकी या यंत्राची किंमत आता उरलेली नाही.