शब्दचर्चा: ‘दंड’, ‘आकार’ आणि ‘दाद’

कॉलेज रोडवरून: मुलगी इंग्लंडात आहे. तिनं ‘पे अँड डिस्प्ले’ जागेत गाडी लावली. आपल्याकडे ‘पे अँड पार्क’वाला माणूस हातात पावती देतो, तिथे यंत्रातून तिकीट काढून पुढच्या काचेशी ठेवायचं असतं. तिनं तिकीट काढलं होतं, पण दार लावताना ते उलटं पडलं. परत येते तर काचेवर नोटीस. तिथल्या मराठी मंडळींसाठी मी यावर टिपण लिहितेय. ‘दंडाला आव्हान कसे द्यावे’ हे शीर्षक कानाला खटकतं. काय लिहू?

पंचवटीतून: ताई, आधी नोटीस कुणाची ते बघा. नगरपालिकेची असेल तर ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, खासगी कंपनीची असेल तर ‘पार्किंग चार्ज नोटीस’. इंग्रजीत आद्याक्षरं तीच, म्हणून लोक फसतात. मराठीत ही गफलत टाळता येते. दंड म्हणजे मुळात काठी. राजदंड, दंडाधिकारी, दंडुका. ज्याच्या हाती सत्ता त्यानं ठोठावायचा तो दंड. खासगी जागेचा मालक करार मोडला म्हणून पैसे मागतो, त्याला ‘आकार’ म्हणा. वीजबिलात स्थिर आकार, वहन आकार असतो, तसा.

इंदिरानगरहून: काका, वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिलं तर आपण दंडच भरतो ना? तिथे कुठली सत्ता?

पंचवटीतून: खरंय. बोलताना चालेल. पण माणूस घाबरून पैसे भरतो तो ‘दंड’ या शब्दाला, म्हणून टिपणात फरक हवाच. मात्र आकार म्हणजे द्यायचाच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं खासगी वाहनतळाचा ८५ पौंडांचा आकार वैध ठरवला होता.

सीबीएसजवळून (वकिली करते): ‘आव्हान’ चूक नाही, निकालाला आव्हान देतातच. फक्त ‘आवाहन’ लिहू नका. आवाहन गणपतीचं करतात. पण इथे माझं मत ‘दाद मागणे’ला. दाद म्हणजे फारसीत न्याय. ‘दाद ना फिर्याद’मध्ये तोच अर्थ आहे, गाण्याला देतो ती दाद निराळी. आव्हानात भांडण येतं, दाद मागण्यात आपली बाजू मांडणं येतं, आणि तुमच्या मुलीला तेच करायचंय. तिकिटाचा फोटो, वेळ, भरलेले पैसे. तिथे नगरपालिकेच्या नोटिशीवर १४ दिवसांत पैसे भरले तर निम्मेच लागतात, म्हणून पत्र लगेच धाडा.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक शब्द जोडा: ‘तडजोड’. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २००खाली भरतो ती तडजोड रक्कम. लोक ‘पावती फाडली’ म्हणतात आणि ती भरली की प्रकरण तिथेच मिटतं. दाद मागायची तर भरण्याआधी.

कॉलेज रोडवरून: मग शीर्षक ‘उलटं पडलेलं तिकीट: दाद कशी मागावी’. ‘डिस्प्ले’ला काय? ‘प्रदर्शित’ नको वाटतं.

इंदिरानगरहून: ‘दर्शनी’. दुकानाचा परवाना दर्शनी भागी लावतात, तसं तिकीट दर्शनी ठेवायचं. तिचं तिकीट होतं, फक्त दर्शनी नव्हतं. पत्रातही हेच लिहा.