पोलो जीटी टीएसआय (१.२, डीएसजी): घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये?

वाकडची_वाट
२०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय सेकंडहँड घेतली आहे. ७२,००० किमी झालेत, सर्व्हिस बुकात शेवटचे दोन शिक्के नाहीत. माझ्याकडे टॉर्क रेंच, दोन जॅकस्टँड आणि ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाड-कोड वाचणारं यंत्र) आहे. तीन प्रश्न:
१) सुरुवात कुठून करू?
२) डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल घरी बदलता येतं का?
३) ‘चढउतारावर गिअरमध्ये टाकून लावू नका, टायमिंग चेन दात सोडते’ (म्हणजे क्रँक आणि कॅमला जोडणारी साखळी जागची सरकते) असं सगळीकडे वाचतोय. आपल्या गाडीला लागू आहे का?

तेलकट_पाना
शिक्के नाहीत म्हणजे ऑइल बदललेलं नाही असं धरून चाला. आधी तेच करा.

ग्रेड ५डब्ल्यू-४०, आणि डब्यावर ‘व्हीडब्ल्यू ५०२ ००’ हे अप्रूव्हल छापलेलं हवं. नुसतं ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेलं पुरत नाही. चार लिटर आणा, पण सगळं एकदम ओतू नका: साडेतीन ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी दांडी (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा आणि मग थोडं थोडं वाढवा. टर्बो गाडीत जास्तीचं ऑइलही त्रासच देतं, धूर काढतं.

या इंजिनात खरा घोळ फिल्टरचा होतो. फिल्टर वरून हाताला लागतो, पण तो उभा बसतो, तोंड खाली. सरळ काढलात तर आतलं ऑइल खाली अल्टरनेटरवर ओघळतं. म्हणून इंजिन कोमट असताना आधी फिल्टर दोन आटे सैल करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या, आतलं ऑइल इंजिनात उतरतं. तोवर खाली ड्रेन प्लग उघडा (१९ चा सॉकेट). मग फिल्टरखाली जाड फडकं कोंबून तो काढा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, हाताने बसवा, २० न्यूटन-मीटर. ड्रेन प्लग ३० न्यूटन-मीटर. प्लगचा वॉशर त्यालाच जोडलेला असतो, त्यामुळे प्लग दर वेळी नवा. संप (ऑइल साठतं ते खालचं भांडं) ॲल्युमिनियमचा आहे. ‘अजून थोडं’ म्हणून जोर लावलात की आटे गेलेच.

फिल्टरवर पैसे वाचवू नका. तोंड खाली असल्यामुळे आतला झडप-रबर हलका असला की रात्रभरात ऑइल खाली उतरून जातं. चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी स्टार्टला दाब येईपर्यंत चेन ढिली राहते आणि खडखडते. नवीन ऑइल आणि चांगल्या फिल्टरनंतरही रोज सकाळी खडखड येत असेल, किंवा स्कॅनरवर पी००१६ दिसला (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड), तर गाडी चालवत राहू नका, चेन तपासून घ्या. हे काम घरचं नाही.

सात_गिअर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तो सल्ला मॅन्युअलवाल्यांसाठी आहे. त्यांची गाडी उतारावर गिअरच्या आधारावर उभी राहिली की चाकं इंजिनला उलटं ढकलतात, म्हणून चेनची भीती. डीएसजीत ‘पी’ (पार्क) टाकल्यावर गिअरबॉक्समधला खटका चाकं अडवतो, इंजिनपर्यंत काही पोचत नाही. पण सगळा भार त्या खटक्यावरही टाकू नका. क्रम असा: फूटब्रेक, ‘एन’ (न्यूट्रल), हँडब्रेक, फूटब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा फूटब्रेक दाबून ‘पी’.

दुसरा: नाही. हा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० आहे. यात दोन वेगळी तेलं आहेत, एक गिअरचं, दुसरं मेकाट्रॉनिकचं (गिअर-क्लच चालवणाऱ्या युनिटचं) हायड्रॉलिक. दांडी नाही, आणि प्रमाण चुकलं तर कळायला मार्ग नाही. सहा गिअरच्या वेट क्लचवाल्या डीएसजीला दर ६०,००० किमीला ऑइल-फिल्टर लागतो; तोच नियम काही गॅरेजवाले इथे चिकटवतात आणि बिल करतात.

तुमच्याकडून होण्यासारखं म्हणजे स्कॅन. पी१७बीएफ हा कोड आला, पॅनेलवर गिअरची अक्षरं लुकलुकली किंवा सम-विषम यांपैकी एका बाजूचे गिअर गायब झाले, तर शंका मेकाट्रॉनिकवर. बऱ्याचदा ॲक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारा भाग) जिथे बसतो तिथलं घर तडकतं आणि दाब टिकत नाही.

रविवारचे_हात
स्पार्क प्लगबद्दल कुणी बोललं नाही. इतिहास माहीत नाही, ७२,००० झालेत, तर बदलाच. पण ऑनलाइन बघून चार कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) मागवू नका. १.४ ला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, या १.२ ला एकच कॉइल-पॅक आणि चार एचटी लीड (कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जाड वायरी) आहेत. प्लग खोल विहिरीत आहेत. वायर धरून ओढलीत तर आतला जोड तुटतो. बूट (वायरीच्या टोकाची रबरी टोपी) पकडून अर्धा फेरा फिरवा, चिकटपणा सुटला की सरळ वर ओढा. पावसाळ्यात चढावर गाडी हुंदके देत असेल तर कॉइलच्या आधी लीड बघा: अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, गळती असेल तर निळी ठिणगी दिसते. हात मात्र लांब.

प्लग पूर्ण थंड इंजिनावरच काढा आणि नवे आधी बोटांनी फिरवा, रेंच शेवटी.

वाकडची_वाट
@सात_गिअर दादा, सिग्नलला ‘एन’ करायचं का? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दर मिनिटाला थांबावं लागतं.

सात_गिअर
गरज नाही. ब्रेक नीट दाबून गाडी उभी राहिली की क्लच आपोआप सुटतो. अर्धवट ब्रेकवर गाडी इंच-इंच रांगवली की क्लच घासत राहतो, झीज तिथली. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सोडा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं तर अजिबात नको.

तेलकट_पाना
राहिलेलं: ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी, किमी कितीही असोत. कूलंट गुलाबी-जांभळं आहे, त्यात हिरवं मिसळू नका आणि नळाचं पाणी तर नाहीच. चाकांना बोल्ट आहेत, नट नाहीत: १७ चा सॉकेट, १२० न्यूटन-मीटर, आडवे-तिडवे. जॅकस्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालू नका. जुनं ऑइल त्याच डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात नको.