येंडोरचा ताईत: परतीच्या वाटेवरची ‘गूढ शक्ती’ न्याय्य आहे का?

पायरीमोज्या (धागाकर्ता)

‘नेटहॅक’ या भुयारात उतरत जाण्याच्या संगणकीय खेळात येंडोरचा ताईत हाती येईपर्यंत खेळाडू जवळजवळ पन्नास पातळ्या उतरलेला असतो. घंटा, सात मेणबत्त्यांचे दीपदान आणि मृतांचा ग्रंथ या तीन वस्तू जमवून त्याने गेहेनमच्या, म्हणजे खेळातल्या नरकाच्या, तळाची वाट उघडलेली असते आणि तिथे मोलॉकच्या महापुजाऱ्याला मारून ताईत काढून घेतलेला असतो. मोलॉकने मार्डुक या निर्मात्याकडून चोरलेली, देवांच्या सर्व दिव्य वस्तूंतली सर्वांत सामर्थ्यवान वस्तू, अशी या ताइताची ओळख खेळाच्या आरंभीच करून दिली जाते. प्रत्यक्षात तो गळ्यात घातला तर अंगात कोणतेही सामर्थ्य येत नाही. उलट तो नुसता जवळ बाळगला तरी भूक लवकर लागते, मंत्र म्हणताना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते, लकस्टोन (नशीब टिकवून धरणारा दगड) जवळ नसेल तर चांगले नशीब ६००ऐवजी ३०० चालींनी एकेक अंश ओसरू लागते आणि एका पातळीवरून दुसरीवर टेलिपोर्ट होण्याची सोय बंद होते.

यातल्या कशालाही माझी हरकत नाही. मिळवलेले ओझे आपणच वाहायचे, ही कल्पना मला आवडते. हरकत आहे ती ‘गूढ शक्ती’ला. ३.४.३ आणि ३.६ या आवृत्त्यांत, तळाच्या मोजक्या पातळ्या वगळता, ताईत घेऊन गेहेनममधला वरचा जिना चढला की चारांतून एकदा ही शक्ती खेळाडूला घेरते आणि त्याच पातळीवर भलतीकडे टाकते किंवा एक ते तीन पातळ्या खाली ढकलते. तिच्यावर अंगठी चालत नाही, चिलखत चालत नाही, मंत्र चालत नाही. गेल्या महिन्यात माझी वाल्कीरी (योद्धा पात्र; वंशाने ड्वार्फ, पंथाने लॉफुल म्हणजे सरळमार्गी) एका जिन्यावरून चार वेळा खाली गेली. चौथ्या वेळी मी शत्रूंशी लढत नव्हतो, फक्त फाशांशी हुज्जत घालत होतो. हजारो चाली ज्याने विचार करून खेळल्या, त्याला शेवटच्या टप्प्यात दैवाच्या हवाली करणे हा रचनेतला दोष आहे, असे माझे मत आहे.

दीपदान

पायरीमोज्या, तुमचा त्रागा समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. हा ताईत नेटहॅकने शोधलेला नाही. तो १९८०च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ (Rogue) या खेळातून आला आहे. तिथे तो २६व्या पातळीवर असे, आणि तो हाती येईपर्यंत वर जाण्याची वाटच जादूने अडवलेली असे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘रोग’ उतरून आलेल्या पातळ्या साठवून ठेवत नसे. परतताना प्रत्येक पातळी नव्याने तयार होई, त्यामुळे वरचा प्रवास खालच्याइतकाच अनोळखी आणि धोक्याचा राही.

नेटहॅकमध्ये मात्र पाहिलेली प्रत्येक पातळी जशीच्या तशी जपली जाते. तुम्ही मारलेले शत्रू मेलेलेच राहतात आणि तुम्ही फोडलेल्या भिंती फुटलेल्याच राहतात. गूढ शक्ती काढून टाकली, तर परतीचा प्रवास म्हणजे जिन्यापासून जिन्यापर्यंत चालत जाण्याची वीस वेळा केलेली तीच ती क्रिया उरेल. ताईत चोरून पळणाऱ्या माणसाच्या पाठीत जी भीती असायला हवी, ती जपलेल्या, ओस पडलेल्या पातळ्यांवर कुठून आणायची? ती भीती या शक्तीने आणली, असे मी मानतो.

त्रैराशिक

भावना बाजूला ठेवून थोडे गणित करतो, कारण या शक्तीतली खरी विषमता तिथे आहे. चारांतून तीन वेळा खेळाडू एक पातळी वर जातो. चौथ्या वेळी किती खाली जायचे याची कमाल मर्यादा त्याच्या पंथावरून ठरते: केऑटिक (बेबंद) असेल तर एक, न्यूट्रल (मधला) असेल तर दोन, लॉफुल असेल तर तीन पातळ्या. या मर्यादेच्या आतला आकडाही दोन वेळा फासे टाकून निघतो. सगळे जमेस धरले, तर जिना चढण्याच्या एका प्रयत्नामागे केऑटिक खेळाडू सरासरीने ०.६३ पातळी वर सरकतो, न्यूट्रल ०.५४ आणि लॉफुल जेमतेम ०.४७. म्हणजे दहा पातळ्या वर येण्यासाठी केऑटिकला १६, न्यूट्रलला १८-१९ आणि लॉफुलला २१हून अधिक वेळा जिना चढावा लागतो.

धागाकर्त्याची वाल्कीरी दुर्दैवी होतीच, पण ती केऑटिक असती तर एका वेळी एका पातळीपेक्षा जास्त कधीच घसरली नसती. दीपदान यांचा भीतीचा मुद्दा मान्य केला, तरी सर्वांत सरळमार्गी माणसानेच सर्वांत जास्त का घाबरायचे, याचे उत्तर खेळात कुठेही दिलेले नाही.

किल्लीवाला

एक दुरुस्ती. चर्चेत ताइताला दिव्य वस्तू म्हटले जात आहे. कथेपुरते ते बरोबर आहे, पण नेटहॅकच्या आज्ञावलीत एक्सकॅलिबर, ग्रेस्वांडीर, म्योल्नीर ही शस्त्रे ज्या ‘आर्टिफॅक्ट’च्या यादीत आहेत, त्या यादीत हा ताईत नाही. तो २० वजनाचा एक अद्वितीय नग आहे, बस्स. इच्छापूर्तीच्या वेळी त्याचे नाव घेतले, तर हाती प्लॅस्टिकची स्वस्त नक्कल पडते. (नावाची रोमन अक्षरे उलटी वाचली की ‘रॉडनी’ होते, म्हणून येंडोरच्या जादूगाराला खेळाडू त्या नावाने हाक मारतात. विषयाला सोडून आहे, पण राहवले नाही.)

पायरीमोज्या (धागाकर्ता)

त्रैराशिक यांचे आकडे पाहून माझी तक्रार आणखी नेमकी झाली. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात पुण्य शिडी चढवते आणि पाप सापाच्या तोंडी देते. सोंगट्या फाशांनीच हलतात, पण पडण्याला अर्थ असतो. इथे तो हिशेब उलटा आहे. लॉफुल खेळाडू सर्वांत खोल पडतो आणि का पडला ते त्याला कोणी सांगत नाही. पटावरचा साप निदान आधीपासून दिसत तरी असतो.

दीपदान, परतीच्या प्रवासात भीती हवी हे मलाही मान्य आहे. पण ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ हा याच धर्तीचा खेळ पाहा. पंधरांपैकी किमान तीन रून (प्रवेशासाठी लागणाऱ्या जादूच्या वस्तू) मिळवून झॉटच्या प्रदेशात शिरायचे, तळाशी झॉटचा गोळा उचलायचा आणि बाहेर पळायचे. गोळा उचलताच बलाढ्य शत्रू मागे लागतात, परंतु जिन्यावर पाय ठेवला की जिना वरच नेतो. ‘ब्रोग’ या दुसऱ्या खेळाने तर ‘रोग’चा मान राखून ताईत २६व्या पातळीवरच ठेवला आणि तो मिळाल्यावर खेळाडूपुढे खरा पेच टाकला: आत्ताच वर जाऊन जिंकायचे, की जास्त कमाईसाठी ४०व्या पातळीपर्यंत आणखी खाली उतरायचे? दोन्ही ठिकाणी भीती आहे, आणि दोन्ही ठिकाणी खेळाडूच्या निर्णयाला किंमत आहे.

दीपदान

निर्णयाला किंमत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. ती किंमत तुम्ही आधीच मोजलेली असते, एवढेच. गेहेनम उतरताना आपण बहुतेक जण काय करतो? खणण्याची कांडी किंवा कुदळ घेऊन चक्रव्यूहाच्या फरशीला भोक पाडतो आणि खाली उडी मारतो. पाच-सहा चालींत एक पातळी मागे पडते, वरचा जिना कुठे आहे आणि खालचा कुठे, हे पाहिलेलेही नसते. ताईत घेऊन परतताना गूढ शक्ती तुम्हाला खाली टाकते, तेव्हा ती तुम्हाला जिन्यावर उभे करत नाही, चक्रव्यूहात कुठेतरी टाकते. ज्याने उतरताना नकाशाची गुंडाळी वाचून प्रत्येक पातळीचे दोन्ही जिने पाहून ठेवले, त्याला पुन्हा तिथवर पोहोचायला थोडीच पावले लागतात. ज्याने फरशीला भोके पाडली, तो अंधारात भिंती चाचपतो आणि तोवर रॉडनी पुन्हा जिवंत होऊन ताईत हिसकावायला शेजारी उभा राहतो. फासे दोघांचे सारखेच पडतात, नुकसान मात्र सारखे होत नाही.

तुमची वाल्कीरी कशी उतरली होती, हे तुम्ही लिहिलेले नाही.

त्रैराशिक

हा युक्तिवाद चांगला आहे आणि माझ्या आकड्यांत तो नव्हता. मी प्रयत्न मोजले, प्रत्येक प्रयत्नामागच्या चाली मोजल्या नाहीत. तरी एक प्रश्न उरतो. नव्या खेळाडूला उतरताना या शक्तीची चाहूल लागण्याची काहीच सोय नाही. ज्याने आधी कुठे वाचलेले नाही, तो नकाशे का जपून ठेवील? दीपदान म्हणतात ती तयारी जाणकाराला जमते. पहिल्यांदा तळ गाठणाऱ्याच्या दृष्टीने ती शिक्षाच राहते.

पायरीमोज्या (धागाकर्ता)

कबूल करतो. मी खणतच उतरलो होतो. सलग अकरा पातळ्या, एकाही जिन्याकडे न पाहता, आणि त्या वेळी मला स्वतःच्या वेगाचा अभिमान वाटत होता. त्यामुळे दीपदान यांच्या शेवटच्या वाक्याने नेमक्या जागी चिमटा काढला आहे.

पंथानुसार बदलणाऱ्या मर्यादेविषयीचा आक्षेप मात्र मी मागे घेत नाही. तो त्रैराशिक यांच्या हिशेबावर उभा आहे आणि खणण्याशी त्याचा संबंध नाही. वाल्कीरी अजून जिवंत आहे. सेव्ह केलेला खेळ आज उघडून पाहिला. ती चक्रव्यूहाच्या एका बंद टोकाला उभी आहे, ताईत गळ्यात आहे, पोटात भूक आहे आणि पिशवीत नकाशाच्या दोन गुंडाळ्या आहेत. त्यातली एक इथेच वाचावी की अजून चार पातळ्या वर गेल्यावर, एवढे दीपदान यांनी सांगावे.

दीपदान

इथेच वाचा. चार पातळ्या वर पोहोचाल, असे धरून चालू नका.